दोरू नदीकाठचे वतन

जुन्या करारातील नाबोथाची गोष्ट आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली असते. इज्रेल गावच्या त्या साध्या माणसाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तेथे भाजीपाला लावायचा होता. त्याने बदल्यात अधिक चांगला मळा देऊ केला, नाही तर रोख पैसे मोजण्याची तयारी दाखविली. नाबोथाने नकार दिला. कारण ती जमीन त्याच्या वाडवडिलांची होती आणि ती विकण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे त्याला वाटतच नव्हते. त्या नकारापायी त्याला प्राण गमवावे लागले.

लहानपणी आमच्या लक्षात राहिली ती या गोष्टीतील दुष्ट ईजबेल राणी. मळा लक्षात राहिला नाही. एका द्राक्षमळ्यासाठी कुणी एवढा हट्ट का धरावा, हे उमगायला आम्हांला पोर्तुगालमधील दोरू नदीच्या काठी जावे लागले.

फातिमा येथे १३ ऑक्टोबरच्या सणाला गेलेल्या आमच्या धर्मग्रामातील मंडळींपैकी आम्ही सहा-सात जण दोन दिवस मागे राहिलो आणि उत्तरेकडील पोर्तो शहरी गेलो. ज्या शहराच्या नावावरून पोर्तुगाल देशाला नाव पडले आणि ‘पोर्ट’ नावाच्या गोड, कडक वाईनलाही नाव मिळाले, तेच हे पोर्तो. तेथील साव बेंतो स्थानकाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांत पोर्तुगालचा इतिहास चितारला आहे. त्या भिंती न्याहाळून आम्ही पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. सुमारे साडेतीन तासांनी गाडी पोसिन्यो नावाच्या लहानशा स्थानकात थांबते. पूर्वी हा लोहमार्ग स्पेनच्या सीमेपर्यंत जात असे. १९८८ पासून तो येथेच संपतो. याच पोसिन्योजवळ नदी एक मोठे वळण घेते आणि त्या वळणाच्या कुशीत ‘किंता दो व्हाले मेआंव’ हा द्राक्षमळा आहे. ‘किंता’ म्हणजे मळा आणि त्यातले घर. आपल्याकडील ‘वाडी’ या शब्दात जसे झाड, विहीर, घर आणि माणसे सारे एकत्र नांदते, तसेच या शब्दातही.

पाटीच्या दगडावरची वेल

गाडीतून दिसणारे दृश्य विसरता येण्याजोगे नाही. नदीच्या दोन्ही तीरांवरचे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेले आहेत. प्रत्येक पायरीला चुन्यावाचून रचलेली दगडी ताल आणि तालीच्या आत वेलींची एखाददुसरी ओळ. सुगी नुकतीच आटोपली होती. पाने तांबूस होऊ लागली होती. आमच्यातील एक वयस्कर बागायतदार, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, खिडकीला नाक लावून बसले होते. मळ्यात उतरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती वाकून माती हातात घेतली. हातात माती आलीच नाही. आल्या त्या काळसर दगडाच्या चिपा. “अहो, ही माती कसली? ही तर शाळेची फुटकी पाटी!” काका उद्गारले.

काकांचे म्हणणे खोटे नव्हते. दोरूच्या खोऱ्यातील हा खडक, ज्याला ‘शिस्ट’ म्हणतात, तो पाटीच्या दगडाचाच भाऊबंद. त्याचे थर उभे असल्यामुळे वेलीची मुळे त्यांच्या फटींतून खोल उतरतात आणि उन्हाळ्यात पृष्ठभागावर थेंब नसतानाही ओल शोधून काढतात. हवाही तशीच कठोर. तेथील लोक आपल्या हवामानाचे वर्णन ‘नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक’ असे करतात. अशा जागी माती मुळात नव्हती. माणसांनी पहारीने खडक फोडून ती निर्माण केली आणि ती वाहून जाऊ नये म्हणून ताली रचल्या. हे काम पोर्तुगीज शेतमजुरांनी आणि स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातून पोट भरण्यासाठी आलेल्या मजुरांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. २००१ मध्ये युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मात्र ज्यांनी ताली रचल्या, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

खुणेचे दगड

ही वाईन जगभर गेली ती इंग्रजांमुळे. फ्रान्सशी वैर असल्याने इंग्लंडला दुसरीकडून वाईन हवी होती. १७०३ मध्ये झालेल्या मेथ्यूएन करारानुसार पोर्तुगीज वाईनवरील जकात फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांशाने कमी झाली आणि पोर्तोच्या बंदरात जहाजांची रीघ लागली. समुद्रप्रवासात वाईन नासू नये म्हणून तीत द्राक्षापासूनच काढलेली ब्रँडी घालण्याची प्रथा वाढली. रस आंबत असतानाच ब्रँडी घातली की आंबण्याची क्रिया थांबते आणि द्राक्षाची साखर तशीच शिल्लक राहते. पोर्टची गोडी आणि तिचा कडकपणा, दोहोंचे मूळ येथे आहे.

मागणी वाढली तशी लबाडीही वाढली. हलक्या वाईनला गडद रंग यावा म्हणून व्यापारी तीत एल्डर नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस मिसळू लागले. भाव कोसळले, शेतकरी बुडाले. तेव्हा राजाचा प्रधान, जो पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आला, त्याने १७५६ मध्ये एक सरकारमान्य कंपनी स्थापून दोरूच्या मळ्यांची हद्द आखून घेतली. ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब रोवण्यात आले. त्या हद्दीतलीच वाईन निर्यातीस पात्र ठरली. एल्डरची झुडपे उपटून टाकण्याचा हुकूम सुटला. जगातील अगदी आरंभीच्या अशा सीमांकनांपैकी हे एक होय. त्यांतील काही खांब आजही मळ्यांत उभे आहेत.

परंतु पोंबालचा हात जितका कर्तबगार तितकाच निष्ठुर होता. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ मध्ये पोर्तोच्या सामान्य जनांनी दंगा केला, तेव्हा त्याने अनेकांना फासावर चढविले. याच पोंबालने १७५९ मध्ये येशूसंघीयांना पोर्तुगालमधून आणि त्याच्या वसाहतींमधून हद्दपार केले; गोव्यातील त्यांच्या संस्थांनाही त्याची झळ बसली. आपल्या वसईच्या इतिहासाशी हा काळ ताडून पाहावा. १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे आलेली वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. म्हणजे दोरूकाठी हे खांब रोवले जात होते, तेव्हा वसईचा पोर्तुगालशी राजकीय संबंध तुटून दीड-दोन तपे लोटली होती. त्या सत्तेची आठवण म्हणून आपल्याकडे चर्चे राहिली, आडनावे राहिली आणि पाव, पगार, चावी असे शब्द राहिले.

नदी आणि एक विधवा

त्या काळी डोंगरांतून रस्ते नव्हते. साडेपाचशे लिटरची भरलेली पिंपे ‘राबेलो’ नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून खाली पोर्तोसमोरील गाया गावच्या वखारींत जात. आज धरणांमुळे शांत दिसणारी ही नदी तेव्हा खडकांतून उसळत धावे. १८६१ च्या मे महिन्यात अशीच एक होडी व्हालेइरा येथील धबधब्याजवळ उलटली. या खोऱ्याचा तपशीलवार नकाशा तयार करणारा इंग्रज व्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर त्यात बुडाला. त्याच होडीत दोना आंतोनिया फेरेइरा नावाची एक श्रीमंत बाई होती, ती वाचली. तिच्या फुगीर घेरदार झग्याने तिला तरंगत ठेवले, असे लोक सांगतात.

ही दोना आंतोनिया १८११ मध्ये रेग्वा गावी एका द्राक्ष बागायतदाराच्या घरी जन्मली. १८४४ मध्ये तिचा नवरा वारला, तेव्हा दोन मुले आणि मोठा व्यापार तिच्या पदरी पडला. त्या काळच्या स्त्रीकडून कुणी अपेक्षा केली नव्हती, अशा हिमतीने तिने तो सांभाळला. देशाचा पंतप्रधान असलेल्या साल्दान्याच्या ड्यूकने आपल्या मुलासाठी तिच्या अल्पवयीन मुलीला मागणी घातली. नकार ऐकण्याची त्याला सवय नव्हती. दोना आंतोनियाने मुलीला घेऊन थेट इंग्लंड गाठले, पण शब्द दिला नाही. अहाब राजे प्रत्येक शतकात असतात आणि नाबोथही कधी कधी लुगड्यात वावरतात, असे ही हकीकत ऐकताना आमच्यातील एक बाई म्हणाल्या.

तिच्या हयातीतच दोरूवर सर्वांत मोठे अरिष्ट कोसळले. अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फायलॉक्सेरा नावाचा एक सूक्ष्म कीटक युरोपात शिरला. १८६० च्या दशकापासून तो या खोऱ्यात पसरू लागला. तो वेलीच्या मुळांतील रस शोषतो; वेल आतून मरते आणि वर पाने पिवळी पडेपर्यंत मालकाला पत्ताही लागत नाही. शतकानुशतके जपलेले मळे काही वर्षांत वाळून गेले. कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून गेली. ज्या पायऱ्यांवर पुन्हा कधी वेल लागली नाही, त्यांना तेथे ‘मोर्तोरिओ’ म्हणतात. या शब्दात मरणच आहे. डोंगरउतारांवर झुडपांनी झाकलेल्या त्या ओसाड पायऱ्या आम्ही पाहिल्या. सोडून दिलेल्या घरासारख्या त्या दिसतात.

उपाय शेवटी रोग जेथून आला तेथेच सापडला. अमेरिकेतील जंगली द्राक्षवेलीची मुळे हा कीटक सहन करू शकतात. म्हणून खुंट अमेरिकन वेलीचा आणि त्यावर कलम आपल्या जातीचे, अशी लागवड सुरू झाली. आपल्या नाशिक-सांगलीकडील बागायतदारही आज डॉगरिजसारख्या अमेरिकन खुंटावर कलमे बांधतात; मात्र तेथे कारण आहे पाण्याचा तुटवडा आणि जमिनीतील क्षार. काकांना ही माहिती फार रुचली. “म्हणजे मूळ परक्याचे आणि फळ आपले,” ते म्हणाले. “आपल्या घराण्यांचेही असेच असेल नाही?”

अशा पडत्या काळात, जेव्हा जो तो जमीन विकून मोकळा होत होता, तेव्हा दोना आंतोनिया जमीन घेत होती. ज्या लहान शेतकऱ्यांच्या मालाला गिऱ्हाईक नव्हते, त्यांचा माल ती विकत घेई. १८७७ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तिने येथील सुमारे ३०० हेक्टर पडीक जमीन नगरपालिकेकडून विकत घेतली. तेथे द्राक्षाचा वेलही नव्हता. रस्ते, घरे, वायनरी आणि वेली सारे तिला शून्यातून उभे करावे लागले. १८८७ मध्ये लोहमार्ग या भागातून सीमेपर्यंत पोचला आणि कामाला वेग आला. १८९६ मध्ये तिने डोळे मिटले, तेव्हा मळा जवळजवळ पुरा झाला होता. नव्या वेलीला पीक धरायला तीन-चार वर्षे लागतात आणि तिचा खरा कस लागतो तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. सत्तरी ओलांडलेल्या बाईने ही लागवड कुणासाठी केली असेल, हे सांगण्याची गरज नाही.

वाटण्या

येथपर्यंतची कथा पराक्रमाची आहे. खरी परीक्षा पुढे होती. पोर्तुगालमध्ये थोरल्या मुलालाच संपूर्ण जमीन देणारी जुनी पद्धत १८६३ मध्ये कायद्याने रद्द झाली. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्याचा परिणाम असा की, दर पिढीला वारस वाढत गेले आणि प्रत्येकाचा वाटा आकसत गेला. मेआंवचा मळाही दोना आंतोनियाच्या वंशजांत हिश्शाहिश्शांनी वाटला गेला. द्राक्षे मात्र घराण्याच्या फेरेइरा कंपनीकडे जात राहिली. १९५२ मध्ये त्या कंपनीतील फेर्नांदो निकोलाव द आल्मेइदा यांनी याच मळ्याच्या द्राक्षांपासून ब्रँडी न घातलेली एक तांबडी वाईन केली. त्या वेळी येथे वीज नव्हती. रस आंबताना तापू नये म्हणून पोर्तोजवळच्या मातोझिन्योस बंदरातून बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून आणाव्या लागल्या. ‘बार्का व्हेल्या’ नावाची ती वाईन पोर्तुगालचे भूषण ठरली.

पुढे १९८७ मध्ये फेरेइरा कंपनी विकली गेली. तिचे मोठे नाव, गायाच्या वखारी, सारे दुसऱ्यांच्या हाती गेले. उरला तो हा मळा, तोही अनेक नातलगांच्या हिश्शांत विभागलेला. अशा वेळी सोपा मार्ग कोणता, हे आपणांस चांगले ठाऊक आहे. पण दोना आंतोनियाचे वंशज फ्रान्सिस्को द ओलाझाबाल यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी एकेका नातलगाचा हिस्सा विकत घेतला आणि १९९४ मध्ये सारा मळा पुन्हा एका छत्राखाली आणला. १९९८ मध्ये त्यांनी फेरेइरा कंपनीचे अध्यक्षपद सोडले आणि १९९९ च्या सुगीपासून मळ्याच्या स्वतःच्या नावाने वाईन निघू लागली. ती करणारा त्यांचा मुलगा हा मातुल घराण्याकडून त्याच फेर्नांदो द आल्मेइदांचा नातू. घेतलेल्या जमिनीला तोवर शंभराहून अधिक वर्षे झाली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हिस्सा विकत घेतला गेला. गोड बोलून हक्कसोड लिहून घेतले गेले नाही. वारसा टिकवायचा तर तो न्यायाने टिकवायचा, कुणाच्या तोंडचा घास काढून नव्हे.

द्राक्षकुंडात

वायनरीत ग्रॅनाइटची चौकोनी द्राक्षकुंडे आहेत. नुकत्याच आटोपलेल्या सुगीचा आंबट-गोड वास भिंतींना अजून बिलगून होता. या खोऱ्यात द्राक्षे पायांनी तुडविण्याची प्रथा अजून कित्येक ठिकाणी चालू आहे. माणसाच्या पायाखाली साल फुटते, पण कडू बी फुटत नाही, हे त्यातले मर्म. पहिले दोन तास माणसे एकमेकांच्या गळ्यात हात घालून, रांगेने, हुकुमावर पावले टाकतात. नंतर वाद्ये सुरू होतात आणि ज्याने त्याने हवे तसे नाचावे. त्या रांगेत नवखा, जुना, मालक, मजूर सारे एकाच रसात मांडीपर्यंत उभे असतात.

मात्र रांगेबाहेर सारे सारखे नव्हते. सुगीसाठी डोंगरापलीकडच्या गावांतून मजुरांच्या टोळ्या ढोलक्याच्या तालावर पायी येत. बाया घड तोडीत आणि पुरुष पन्नास-साठ किलोंच्या करंड्या कपाळाला पट्टा लावून, पाठीवरून त्या पायऱ्या उतरत. मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाचे वेतन देतो. दोरूच्या इतिहासात असे धनी फार नव्हते. रविवारच्या मिस्सेत वेदीवर जो द्राक्षारस येतो, तो द्राक्षाच्या फळाचा, नैसर्गिक आणि न नासलेला असावा असा धर्मसभेचा नियम आहे. अर्पणाच्या प्रार्थनेत त्याला माणसाच्या हातांचे काम म्हटले जाते. ते हात कसे असतात, हे आम्ही त्या तालींपाशी उभे राहून प्रथमच नीट समजून घेतले.

परत येताना

परतीच्या गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही. नदी सोबतीला होती. वसईतील आपल्या वाड्याही अशाच घराण्यांनी जपलेल्या. केळी, पानवेल, फुलझाडे आणि मध्ये बावखल. वाडीला गिऱ्हाईक मिळते, पैसाही मिळतो, मुलांची शिक्षणे होतात. विकणाऱ्या प्रत्येकाला दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण नाबोथाच्या गोष्टीत निदान राजाला येऊन जमीन मागावी लागली होती. आपल्याकडे बहुधा त्याचीही गरज पडत नाही. घरातल्या घरात अबोला धरलेला असतो, सातबाऱ्यावरील नावे वाढत जातात आणि कुणी कुणाला काही विचारीत नाही. मग एक दिवस कागद आपोआप पुढे येतो.

रेग्वा स्थानक मागे पडल्यावर काका बोटांवर काहीतरी मोजू लागले. आम्ही विचारले, तेव्हा म्हणाले, “आमच्या वाडीच्या सातबाऱ्यावरची नावे मोजतो आहे. अकरा आहेत. त्यांतल्या चौघांशी मी गेली सहा वर्षे बोललेलो नाही.”

घरी परतल्यावर काकांनी उरलेल्या दहाही जणांना स्वतः फोन केला. काय बोलणे झाले, ते त्यांनी आम्हांला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. एवढेच कळले की येत्या नाताळात सारे वाडीतील जुन्या घरी जेवायला जमणार आहेत. दोघांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.